अ‍ॅनिमेतलं फिरतं यान: १० मीटरचं चाक पुरेल?

धरमपेठकर: रविवारी नागपुरात आमच्या गटाची चर्चा आहे. अ‍ॅनिमेत अंतराळयानाचं चाक फिरतं म्हणून आतल्यांना वजन जाणवतं, आणि इवल्याशा चाकातही लोक आरामात पळतात. खरंच जमेल?

संत्राबर्फी: नाही भाऊ. त्रिज्या १० मीटर असेल तर पृथ्वीइतक्या वजनासाठी मिनिटाला साडेनऊ फेऱ्या लागतात. मान वळवली की मळमळ. शिवाय उभ्या माणसाच्या डोक्याशी ओढ पायांपेक्षा १७ टक्के कमी. मिनिटाला २ फेऱ्या बहुतेकांना सोसतात, पण मग त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी.

वर्धारोडवाला: पळण्याची दिशाही बघा. फिरण्याच्या दिशेनं पळालं तर वजन वाढतं, उलट पळालं तर घटतं. त्या १० मीटर त्रिज्येच्या चाकाची कड सेकंदाला ९.९ मीटर सरकते. अव्वल धावपटू उलट पळाला तर तरंगेलच! ‘गंडाम’ या अ‍ॅनिमेमधल्या ६.४ किमी व्यासाच्या फिरत्या अंतराळ वसाहतींना ही भानगड नाही, तिथं एक फेरी ११४ सेकंदांची.