लॉ कॉलेजच्या विधी सहाय्य केंद्रात खरं काम कसं सुरू करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे विधी सहाय्य केंद्र म्हणजे एक खोली, एक बॅनर आणि एक रजिस्टर. अधूनमधून खेड्यात शिबिर, सरपंचांचा सत्कार, फोटो, अहवाल, झालं. यंदा केंद्राची विद्यार्थी-जबाबदारी माझ्याकडे आली. वरून सूचना एकच, 'करा काय करायचं ते, तक्रार येऊ देऊ नका.' (ही परवानगी की धमकी, अजून ठरत नाहीये.)

तर आम्ही काही जण शनिवारी, बाजाराच्या दिवशी, खोली उघडून बसू लागलो. आणि लोक येतात की! परवा एक मावशी आल्या. वडील वारले, सातबाऱ्यावर तिन्ही भावांची नावं लागली, यांचं नाही. 'तलाठ्याकडं कशावर तरी अंगठा दिला होता' एवढंच सांगतात. माझ्या मित्राने लगेच हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीवर (मुलींना मुलांइतकाच हक्क) भाषण सुरू केलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'मंग मी आता जाऊ कुठं?' खोलीत कुणालाच सांगता येईना.

मूट कोर्टाची (कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यांची) दोन प्रमाणपत्रं आहेत माझ्याकडे, पण पक्षकाराशी बोलायचं कसं, कागद बघायचे कसे, हे कुणी शिकवलेलं नाही. सनद (वकिलीचा परवाना) नाही म्हणून सही करता येत नाही, आणि ओळखीचे वकील आमच्या ड्राफ्टला हात लावायला तयार नाहीत. हे काम पुढे नोकरीसाठी बायोडेटात दाखवायचं तरी कसं? शिवाय एक मित्र म्हणतो, केंद्रातला काळ जेएमएफसीच्या (कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या) परीक्षेला लागणाऱ्या तीन वर्षांच्या वकिलीत धरतात. खरंय का?

जुना_काळाकोट:
आधी मावशींचं बघा. नुसता सातबारा चघळत बसू नका. भावांची नावं ज्या फेरफाराने (हक्कबदलाच्या नोंदीने) लागली त्याचा क्रमांक शोधून नक्कल काढा. नोंद वारसाची आहे की हक्कसोडीची? हक्कसोड असेल तर दस्त नोंदणीकृत आहे का? मावशींना नोटीस बजावली होती का? मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित कधी केली? त्यांनी अंगठा कशावर दिला ते बहुतेक तिथेच कळेल. फेरफाराविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील, मुदत ६० दिवस. ती टळली असणारच, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज. पण फेरफाराने मालकी ठरत नाही. भाऊ हिस्सा नाकारत असतील तर वाटपाचा दावा दिवाणी कोर्टातच लावावा लागेल.

सहीचं म्हणाल तर ती तुम्ही करायचीच नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ चं कलम १२ वाचा. बाईमाणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत अर्ज भरून द्या, पॅनेलवरचा वकील मिळेल. त्याच्या हातात तयार फाइल ठेवा: तारीखवार घटनाक्रम, वंशावळ, कागदांची यादी, जमल्यास अपिलाचा कच्चा मसुदा. तो खाडाखोड करेल. ती खाडाखोड केलेली प्रत परत मागून घ्या आणि का खोडलं ते विचारा. ड्राफ्टिंग आम्ही असंच शिकलो.

नोकरीचंही सांगतो. ज्युनियर ठेवताना मी मूट कोर्टाची ढाल बघत नाही. समोर एक फेरफार टाकतो आणि विचारतो, 'यात काय चुकलंय?' दहातले आठ जण कलम सांगतात. पक्षकाराला पुढची पायरी सांगणारा क्वचित भेटतो, आणि मी त्यालाच ठेवतो.

पीएलव्ही_ताई:
वकीलसाहेबांशी सहमत. माझी भर मुलाखतीबद्दल. तिघांनी एका बाईसमोर बसायचं नाही, तो इंटरव्ह्यू बोर्ड वाटतो. एकाने बोलायचं, एकाने लिहायचं. पहिली दहा-पंधरा मिनिटं त्या सुनेबद्दल, गुडघ्याबद्दल बोलतील, बोलू द्या. मधे तोडलंत तर अंगठ्याची गोष्ट बाहेर येणार नाही. शेवटी लिहिलेलं त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवा. आमच्याकडे अशा वाचनातच एकदा पहिल्या बायकोची मुलगी निघाली होती, म्हणजे वंशावळच बदलली!

कॉलेजला सांगा की बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक लॉ कॉलेजात असं केंद्र ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली चालवणं बंधनकारक आहे. नालसाच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) २०११ च्या विनियमांतही लॉ कॉलेजांच्या केंद्रांची सोय आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पत्र द्या आणि तुमच्यातले दोघे-तिघे विधी स्वयंसेवक (पीएलव्ही) म्हणून नाव नोंदवा. लॉच्या विद्यार्थ्यांना घेतात. ओळखपत्र मिळालं की सरकारी ऑफिसात 'तुम्ही कोण?' हा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

गोपनीयता मात्र सांभाळा. पक्षकार वकिलाशी जे बोलतो त्याला कायद्याचं संरक्षण आहे, वकिलाच्या कारकुनापर्यंतही ते पोचतं. तुम्ही या दोन्हींत बसत नाही. कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं आजच बंद. बायोडेटात नाव-गाव नको. 'शेतजमिनीच्या वारसनोंदीचं प्रकरण; मुलाखत, घटनाक्रम, अपिलाचा मसुदा' एवढं पुरतं. कामावर घेणारा नेमकं काय केलं ते विचारतोच.

सनद_२०२४:
जेएमएफसीचं: नाही. २० मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे तीन वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात. शिकत असतानाचं काम, केंद्रातलं असो की इंटर्नशिपचं, त्यात येत नाही. मित्राला सांग, नाहीतर फॉर्म बाद होईल.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. प्राधिकरणाला द्यायचं पत्र आज लिहायला घेतोय. एक राहिलं: नकलेचा अर्ज आम्ही परस्पर दिला तर चालेल की मावशींना घेऊन जायचं?

जुना_काळाकोट:
घेऊनच जा. अर्ज त्यांच्या नावाने लिहा, अंगठ्याखाली साक्षीदार म्हणून तुमच्यापैकी एकाने सही करा. फी किती ते खिडकीवर आधी विचारून ठेवा, मावशींना दोन खेपा नकोत. आणि नक्कल आली की नावं, गट नंबर झाकून इथे टाका, बघू काय निघतंय.