बंगळुरातली काळी-निळी फुलपाखरं: ब्लू टायगर की डार्क ब्लू टायगर? (मदत हवी आहे)

लोकहो, बंगळुरात राहते. वळवाच्या सरी सुरू झाल्यापासून सकाळी ऊन चढलं की काळ्या पंखांवर फिकट निळ्या रेघा-ठिपके असलेली फुलपाखरं रस्त्यावरून जाताना दिसतायत. फुलाबिलावर टेकणं नाही, सगळी डोक्याच्या थोडं वरून पूर्वेकडे. मधूनच कडेला पांढरे ठिपके असलेली तपकिरी फुलपाखरंही असतात, ती कॉमन क्रो असावीत.

सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी ‘मोनार्क’ म्हणून मेक्सिकोचा व्हिडिओ टाकला. मोनार्क नारिंगी असतं हो! पण अंगठे त्यांनाच जास्त मिळाले.

फोटो खाली दिलेत. यातलं ब्लू टायगर कुठलं आणि डार्क ब्लू कुठलं? मंडळाच्या मुलांना सांगायचंय, तर मराठी नावही हवंय. आणि घाईचं म्हणजे, मागच्या प्लॉटवर खुळखुळ्याची अर्धवट वाळलेली झाडं आहेत, त्यांच्या काड्यांना ही घोसानं लटकतात. फुलं सोडून वाळक्या काड्या का? माळी उद्या सगळं उपटणार म्हणतोय.

रानभूल: आधी माळ्याला थांबवा, बाकी नंतर!
लटकलेले बहुतेक नर असणार. खुळखुळा, भुरुंडी यांच्या सुकलेल्या भागांतून ते अल्कलॉइड (झाडातली कडू, विषारी द्रव्यं) शोषतात. त्यातून मादीला भुलवणारा गंध तयार होतो, शिवाय खाणाऱ्याला चव कडू लागते. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला छोटा खिसा दिसला तर नर समजा.
पहिले दोन फोटो डार्क ब्लू: रंग जास्त काळा, निळ्या रेघा बारीक. तिसरा ब्लू टायगर, त्याच्या खुणा रुंद आणि फिकट. उडताना मात्र मलाही ओळखता येत नाहीत, जे सांगतात त्यांच्यावर फार विश्वास ठेवू नका.
दिशा बरोबर आहे. सह्याद्रीतला मुसळधार पाऊस लागायच्या आधी ही पूर्वेच्या मैदानांकडे, पूर्व घाटाकडे सरकतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास उलटा प्रवास. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे यांनी दक्षिण भारतातल्या या स्थलांतरावर लिहिलंय.

उंबरठा: ‘निळा वाघ’ म्हणा, मुलांना आवडेल. पण ते दोघांनाही लागू पडतं, म्हणून वहीत शास्त्रीय नाव लिहून घ्या: ब्लू टायगर म्हणजे तिरुमाला लिम्नियासी, डार्क ब्लू म्हणजे तिरुमाला सेप्टेंट्रिऑनिस. कॉमन क्रोसाठी कण्हेर असू द्या, अळ्या तिची पानं खातात.

धागाकर्ती: दोघांचे आभार. माळीदादांना फोन केला, पण माझं कन्नड ‘बेडा, बेडा’च्या (नको, नको) पुढे जात नाही. खुळखुळ्याला कन्नडमध्ये काय म्हणतात, कुणी बेळगाव-धारवाडकडचं आहे का इथे? आज रात्रीपर्यंत हवंय.