घरी केलेला आकाशकंदील पिळतो, यंदा पाच करायचेत. सांगाडा ताठ कसा ठेवायचा?

शहापूरची सून

नमस्कार. मी बेळगावात शहापूरला राहते, माहेर खानापूर तालुक्यातलं. माहेरी दिवाळीचा कंदील घरीच व्हायचा. बांबू तासणं, कामट्या बांधणं हे सगळं थोरल्या भावाकडं, आणि मी शेपट्या कातरायला. सांगाड्याला मला कधी हात लावू दिला नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं, पण गेल्या वर्षी माझ्या मुलानं (सहावीत आहे) विचारलं, "आई, तुला कंदील येतो का गं करायला?" आणि मला कळलं की अर्धाच येतो.

तरी केला. २४ कामट्या सारख्या कापल्या, सहा चौकोन बांधले आणि कोपऱ्याला कोपरा जोडला. जमिनीवर ठेवल्यावर झकास दिसत होता. उचलला की ओलं धोतर पिळावं तसा अख्खा सांगाडा पिळायचा. हातानं सरळ केला की दुसरीकडून बसायचा. शेवटी तसाच कागद चिकटवला. चौकोनांचे शंकरपाळे झाले, कागदाला सुरकुत्या पडल्या. वर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बारीक पाऊस आला. लाल पतंगी कागदाचा रंग टपटप खाली गळला, नेमका उंबऱ्यापुढच्या पांढऱ्या रांगोळीवर. रांगोळी पुसून दुसरी काढली आणि कंदील उतरवला. मुलगा काही बोलला नाही, पण जेवताना गप्प होता.

यंदा गल्लीतली सात मुलं मागं लागलीत. त्यातल्या दोघी मुली "आम्ही बांबू कापणार" म्हणून आधीच सांगून बसल्यात, आणि मला त्यांना शेपट्या कातरायला बसवायचं नाही. पाच कंदील करायचे ठरलेत. त्यातला एक मुलांच्या किल्ल्यावर टांगायचा आहे. ती राजहंसगड करणार आहेत, माती आत्ताच आणून टाकली आहे.

भावाला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "ते हाताला कळतं, सांगून येत नाही." त्याला सांगता येत नाही एवढंच. कुणीतरी सांगू शकत असेल म्हणून इथं विचारते. पिळ कसा घालवायचा? बांबू कसला घ्यायचा? कागद पावसात टिकतो का? मागच्या वेळी मी बाजारातल्या तयार गोल काड्या घेतल्या होत्या, त्यांचंच चुकलं का?

निवृत्त हस्तकला मास्तर

ताई, काड्यांची चूक थोडी आहे, पिळाची नाही. तुम्ही केलेला आकार बरोबर आहे. सहा चौकोन आणि त्यांच्या मधे आपोआप तयार होणारे आठ त्रिकोण, हाच आपला जुना कंदील. चार चौकोन कोपऱ्यावर उभे, एक डोक्यावर आडवा, एक तळाला आडवा.

तीन कामट्यांचा त्रिकोण बांधा आणि हलवून बघा, हलत नाही. चार कामट्यांचा चौकोन बांधा, लगेच शंकरपाळा होतो. तुमच्या सांगाड्यातले सहाही चौकोन मोकळे होते आणि एक सरकला की बाकीचे त्याच्या मागून सरकतात, म्हणून अख्खा कंदील पिळतो. चौकोनालाच त्रिकोण करून टाका. प्रत्येक चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन दोरे ताणून फुली बांधायची. पिळ तिथंच संपतो.

फुलीचे दोन्ही दोरे सारख्या लांबीचे पाहिजेत, नाहीतर चौकोन पुन्हा तिरका. मी वर्गात एक फळी ठेवायचो. तिच्यावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार खिळे. बाजू ८ इंच असेल तर समोरासमोरच्या खिळ्यांत सव्वाअकरा इंच अंतर येतं, थोडं जास्तच, पण हाताच्या कामाला तेवढं चालतं. कामट्या खिळ्यांना आतून टेकवून बांधायच्या, फळीवर असतानाच फुली घालायची, मग चौकोन उचलायचा. सहाच्या सहा एकसारखे येतात. माझ्याकडं पाचवीच्या मुलांचे कंदील सातवीच्या मुलांपेक्षा सुबक व्हायचे, कारण पाचवीची मुलं फळी सोडत नव्हती.

८ इंची बाजूसाठी कामटी ९ इंच कापा. दोन्हीकडं अर्धा-अर्धा इंच गाठीला लागतो. बांधताना फुलीची गाठ मारायची, म्हणजे दोरा एकदा या तिरक्यानं, एकदा त्या तिरक्यानं. वर फेविकॉलचा एक थेंब. गुळगुळीत गोल काडीवर गाठ घसरते. तुमच्या काड्यांची चूक ती एवढीच.

तळाच्या चौकोनाची फुली सगळ्यात शेवटी, दिवा बसवून झाल्यावर, सरकगाठीनं बांधा, म्हणजे दिवा बदलायला सोडता येते. वरच्या चौकोनाला फुलीबरोबर एक जाड आडवी कामटी द्या. होल्डर आणि टांगायची दोरी दोन्ही तिलाच.

खळ घरीच करा. एक चमचा मैदा अर्धा कप गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, मंद आचेवर ढवळत राहा, पांढरेपणा जाऊन काचेसारखी दिसली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून आम्ही त्यात चिमूटभर मोरचूद टाकत होतो. मोरचूद विषारी असतं. मुलं हात घालणार असतील तर टाकू नका, रोज ताजी खळ करा.

आणि मुलींना बांबू कापू द्या. कोयता मोठ्यानं धरायचा, पण तासायची सुरी त्यांच्या हातात द्या, धार अंगापासून लांब.

वडगावचा मागवाला

मास्तरांनी दोऱ्याचं सांगितलं म्हणून लिहितो. वहिनी, दोरा विकत आणू नका. आमच्याकडं मागावर साडी संपली की ताण्याची टोकं उरतात, वितीदीड वितीची, ती बांधायला एक नंबर. सूत पिळदार असतं, गाठ धरून बसते. नायलॉनची गाठ सुटते, ते घेऊ नका. पिशवीभर पडून हाय आमच्या पडवीत. शहापूर-वडगाव काय लांब हाय, घेऊन जावा की. फक्त फुलीला लांब दोरा लागणार, त्याला वेगळी रिळं देतो.

बांबूबद्दल पण सांगतो. आमचा भाऊजी जांबोटीकडचा. तिकडं मेस आणि चिवा दोन्ही मिळतात. मेस आतून भरीव, काठीला चांगली, पण चिरायला जीव जातो. कंदिलाला चिवा घ्या, पेर लांब, चीर सरळ जाते. दोन गाठींच्या मधला तुकडा घ्यायचा, गाठ मधे आली की कामटी तिथंच मोडते. आणि सालीची बाजू ठेवायची, पोटाकडचा पांढरा गर तासून काढायचा. ताकद सगळी सालीत असते.

तेवढं जमत नसेल तर बाजारात सुपं-बुट्ट्या विणणाऱ्या बुरुडाकडं जावा. "९ इंची १२० कामट्या काढून द्या, पाव इंचापेक्षा बारीक" म्हणून सांगा. त्यांचा हात बसलेला असतो, आपल्याला दिवस लागतो तिथं त्यांना तासभर लागत नाही. मागितलेले पैसे द्या, घासाघीस करू नका. प्लास्टिकची सुपं आल्यापासून त्यांचं काम कमी झालंय.

शहापूरची सून

मास्तर, फुली वाचली आणि उठून गेल्या वर्षीचा सांगाडा माळ्यावरून काढला. (टाकला नव्हता.) कागद फाडून दोन चौकोनांत फुल्या घातल्या. निम्मा पिळ गेला! पण एक शंका. कागदाच्या आत दोरा असेल तर दिवा लावल्यावर त्याची सावली दिसणार ना?

वडगावच्या दादा, मी सूत न्यायला नक्की येते. सगळ्या १२० कामट्या आम्ही घरी काढणार नाही, पण एका कंदिलाच्या २४ मुलीच काढतील.

निवृत्त हस्तकला मास्तर

दिसते, बारीक रेघ दिसते. मला ती आवडते, पतंगाच्या कामट्यांसारखी वाटते. नको असेल तर कागद पूर्ण वाळल्यावर चार उभ्या चौकोनांतले दोरे आतून कापून घ्या. ताणून बसलेला कागद फुलीचं काम करतो. मात्र पाऊस आला, कागद ढिला पडला की चौकोन पुन्हा सरकायला लागतील. बेळगाव २,५०० फुटांवर, ऑक्टोबरात धुकं आणि परतीचा पाऊस दोन्ही. मी दोरे ठेवीन.

निपाणीचा वायरमन

कंदिलाचं मास्तरांना जास्त कळतं, मी विजेचं सांगतो, कारण दर दिवाळीत माझ्याकडं हीच कामं येतात.

पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब लावायचे, तो एवढा तापतो की जवळचा कागद तपकिरी पडतो. आता ५ नाहीतर ७ वॅटचा एलईडी पुरे. तो कागदाला टेकता कामा नये, बरोबर मधोमध लोंबला पाहिजे. वरचा आणि खालचा चौकोन कागदानं बंद करू नका, हवा खेळू द्या. पांढरा शुभ्र उजेड घेऊ नका, त्यात लाल-पिवळा कागद मेल्यासारखा दिसतो. पिवळसर उजेडाचा घ्या.

घराबाहेर टांगणार म्हणजे मधे वायरचा जोड नको. लागेल तेवढी अखंड वायर घ्या. खिडकीतून आत घेताना वायरीला बाहेर खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून घरात न येता झोळातून खाली गळतं. एवढं केलं नाही म्हणून बोर्डात पाणी गेलेली घरं मी बघितलीत. मुलं हात लावणार असतील तर आधी बटण बंद, मग प्लग बाहेर, मगच कंदील खाली.

गोकाकची लेक

मी गोकाकची, घरी कन्नड, सासर टिळकवाडीत आणि मराठी. आमच्याकडं याला आकाशबुट्टी म्हणतात. मला तुमच्या कंदिलापेक्षा हा शब्द जास्त आवडतो, आकाशात टांगलेली बुट्टी. :)

रंगाचं सांगते. गोकाकला रंगीत खेळणी होतात, लाकडाची फळं, भाज्या, बाहुल्या. लहानपणापासून ते रंग बघितल्यामुळं असेल, पण मला कंदिलात दोनच रंग हवे असतात. चार चौकोन एका रंगाचे, आठ त्रिकोण दुसऱ्या. तीन-चार रंग घातले की रात्री काहीच नीट दिसत नाही. चौकोन पिवळा आणि त्रिकोण गुलाबी करून बघा.

रंग गळायचं म्हणाल तर कागद घेताना दुकानातच बोट ओलं करून कोपऱ्यावर दाबायचं. बोटाला रंग आला की तो कागद आतल्या सजावटीला. पावसात टांगायला नाही. सगळेच गळत असतील तर पांढरा घ्या आणि रंगाला जिलेटीन पेपरचे त्रिकोण लावा, त्याचा रंग जात नाही. (चौकोन जिलेटीनचे करू नका, आतला बल्ब उघडा दिसतो.)

आणखी एक. खळ वाळल्यावर कागदावर पाण्याचा हलका फवारा मारायचा, तोंडानं नको, इस्त्रीच्या बाटलीनं. कागद आधी सैल पडतो, घाबरू नका. वाळला की डफासारखा ताणतो. रंग न जाणाऱ्या कागदालाच हे करा. आणि ऊन बघून, दुपारी बारा ते तीनमधे. सायंकाळी चिकटवलेला कागद आपल्याकडं दुसऱ्या दिवशी दहापर्यंत दमटच राहतो.

शहापूरची सून

रविवारी पहिला झाला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी सविस्तर सांगितलं.

चिव्याचं एकच कांडं आणलं. उभं चिरायला मी कोयता धरला आणि मोठ्या मुलीनं वरून लाकडी मोगरीनं ठोकलं. पहिली चीर वाकडी गेली, ते दोन तुकडे फुकट गेले. दुसरी मात्र टक् करून वरपासून खालपर्यंत सरळ गेली आणि आतला ओला, गोडसर वास आला. दोघी एकदम गप्प झाल्या. पुढं दोन तास तासत बसल्या. माझा मुलगा आणि त्याचा मित्र शेपट्या कातरत होते आणि कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही.

फळीवरचे खिळे धाकटीनं मारले. सहा चौकोन एकमेकांवर ठेवले तर वहीच्या पानांसारखे जुळले. जोडून झाल्यावर मी सांगाडा एका कोपऱ्याला धरून हवेत उचलला. मला वाटलं पिळणार. पिळला नाही. मुलानं हातात घेऊन हलवला, मग जमिनीवर घरंगळत सोडला, तरी जसाच्या तसा.

कागद दोन दुकानांत बोट दाबून बघितला, तिसऱ्या दुकानात न गळणारा पिवळा मिळाला. गुलाबी कुठंच नाही मिळाला, त्रिकोण जिलेटीनचे लाल केले. फवारा मारल्यावर कागद असा लोंबला की माझ्या पोटात गोळा आला. दीड तासानं बोटानं टिचकी मारली तर वाजला. दोरे ठेवलेत. मास्तर, बारीक रेघ दिसते आणि मलाही आवडली.

भावाला फोटो पाठवला. लगेच फोन आला, "फुली कुणी सांगितली? आमच्या कंदिलाला फुली नव्हती, म्हणून तर दर वर्षी कागद लावेपर्यंत दोघांना धरून उभं राहावं लागायचं." धरून उभी राहणारी मीच होते, हे त्याला आठवलं. दिवाळीत येतोय, तेव्हा त्याला फळीवर बसवणार आहे.

९६ कामट्या राहिल्यात. त्या बुरुडाकडं सांगितल्यात, शुक्रवारी मिळतील. वडगावच्या दादा, मी मंगळवारी चारला सूत न्यायला येते, दोघी मुलीपण येणार आहेत, त्यांना माग बघायचाय.