मदत हवी आहे: तळहातावरचे पुस्तक स्वतः उचलले तर हात स्थिर राहतो, दुसऱ्याने उचलले तर वर जातो, असे का?

नमस्कार. मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. माझे शिक्षण रसायनशास्त्रातले असल्यामुळे शरीरक्रियाशास्त्राचे धडे मला दरवर्षी नव्याने वाचून घ्यावे लागतात, आणि या वर्षी हालचालींच्या धड्यापाशी मी अशी अडकले आहे की जाणकारांना विचारल्यावाचून सुटका दिसत नाही.

धड्यातले वर्णन सरळ आहे. मेंदूकडून आज्ञा निघते, ती मज्जारज्जूतल्या प्रेरक चेतापेशीपर्यंत येते, त्या पेशीच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन स्रवते, स्नायुतंतूच्या आवरणावर विद्युत आवेग उमटतो, तंतूच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम मोकळे होते आणि ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवरून सरकू लागतात. (१९५४ साली ही सरकत्या धाग्यांची कल्पना दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली आणि दोन्ही गटांत एकेक हक्सली होते, पण त्यांचे आपसांत काहीही नाते नव्हते, हे ऐकून मुलांना फार गंमत वाटते.) रसायनांचा हा भाग मला कळतो आणि शिकवताही येतो.

अडचण आली ती एका साध्या प्रयोगातून. कोपर काटकोनात वाकवून, तळहात वर करून त्यावर एक जाडजूड शब्दकोश ठेवायचा. शेजारच्या मुलाने तो झटकन उचलला, तर धरणाऱ्याचा हात लगेच काही अंगुळे वर जातो. तोच शब्दकोश धरणाऱ्याने आपल्याच दुसऱ्या हाताने उचलला, तर खालचा हात जवळजवळ जागचा हलत नाही. मला वाटले, पाहण्यातून हे साधत असेल, म्हणून मुलांना डोळे मिटायला लावले. फरक पडला नाही. मग वाटले, उचलण्याची वेळ आधी ठाऊक असणे हे कारण असेल, म्हणून शेजाऱ्याला ‘एक, दोन, तीन’ असे मोठ्याने मोजून तीनला उचलायला सांगितले. वेळ पक्की ठाऊक असूनही हात वर गेलाच. माझा अंदाज तिथे संपला.

माझे प्रश्न असे आहेत. खालच्या हाताला ओझे गेल्याची बातमी त्वचेतून आणि स्नायूतून मिळत असेल, तर ती दोन्ही वेळी सारखीच मिळायला हवी. मग परिणाम वेगळा का? दुसरे असे की, पुस्तकात ‘सर्व किंवा शून्य’ असा नियम दिला आहे. तंतू आकुंचन पावला तर पूर्ण, नाहीतर मुळीच नाही, असे असेल तर शब्दकोशाच्या वजनाइतकाच नेमका जोर लागतो तरी कसा? आणि गुडघ्याखाली हलकेच ठोकल्यावर पाय उडतो ती क्रिया मेंदूला न विचारता मज्जारज्जूतच पार पडते असे आम्ही शिकवतो, तर हा हातांचा मेळही तिथेच साधला जातो का? आपण सविस्तर लिहिले तरी चालेल; मी वाचून पचवीन.

प्रतिसाद १

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यात दडलेले आहे.

‘सर्व किंवा शून्य’ हा नियम आवेगाचा आहे, जोराचा नाही. धडे लिहिणारे ही गल्लत वारंवार करतात. एक प्रेरक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे तंतू मिळून एक मोटर युनिट होते. डोळा फिरवणाऱ्या स्नायूंत अशा एका युनिटमध्ये अगदी मोजके तंतू असतात, तर पोटरीच्या मोठ्या स्नायूत ते हजाराहून अधिक असू शकतात. जोर वाढवायचा असेल तेव्हा अधिक युनिटे कामाला लावली जातात, आणि ती लावण्याचा क्रम ठरलेला असतो: आधी लहान चेतापेशी, मग मोठ्या. हेनेमन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिले, म्हणून या तत्त्वाला त्यांचे नाव आहे. दुसरा उपाय म्हणजे त्याच युनिटकडे सेकंदाला अधिक आवेग धाडणे. एक आवेग काही मिलिसेकंदांत संपतो, पण त्याने उठलेला स्नायूचा आचका ओसरायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, त्यामुळे पहिला आचका ओसरण्याआधी दुसरा येऊन त्यावर चढतो आणि एकसलग ताण निर्माण होतो.

हा सावकाश ओसरणारा ताणच तुमच्या मुलांचे हात वर उडवतो. बायसेप्समध्ये, म्हणजे कोपर वाकवणाऱ्या दंडाच्या पुढच्या स्नायूत, चातीच्या आकाराची संवेदके असतात; स्नायू ताणला गेला की ती बोलू लागतात, सैल पडला की गप्प होतात. शेजाऱ्याने शब्दकोश उचलला की हात किंचित वर सरकतो, संवेदके गप्प होतात आणि मज्जारज्जूतून बायसेप्सकडे जाणारे आवेग घटतात. गुडघ्याच्या झटक्याचीच ही उलटी बाजू आहे. पण बातमी मज्जारज्जूपर्यंत जाऊन उत्तर परत येईपर्यंत वीस-पंचवीस मिलिसेकंद जातात, कारण चेतांचा वेग तारेतल्या विजेसारखा नसतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५० मध्ये बेडकाच्या चेतेत तो मोजला तेव्हा सेकंदाला सुमारे २७ मीटर निघाला. माणसाच्या हाताच्या प्रेरक चेतांत तो ५० ते ६० मीटर असतो. शिवाय आवेग थांबले तरी तंतूतले कॅल्शियम पुन्हा साठ्यात ओढून घ्यावे लागते, त्याला ऊर्जाही लागते आणि वेळही. आपण रसायनशास्त्राच्या आहात, तेव्हा हा पंप आपल्याला विशेष आवडेल. तोवर बायसेप्स नसलेल्या शब्दकोशाचे ओझे उचलतच राहतो. थोडक्यात, जाणिवेवर विसंबून केलेली दुरुस्ती इथे उशिराच पोहोचते, मग ती कितीही चोख असो.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला जोडून लिहिते. मी मेंदूविकारांच्या रुग्णांना व्यायामोपचार देते.

बायसेप्सवर त्यातले विद्युत आवेग टिपणारे विद्युतअग्र लावून हाच प्रयोग केला की चित्र स्पष्ट होते. स्वतः उचलताना खालच्या हाताच्या बायसेप्समधली विद्युत हालचाल शब्दकोश सुटण्याच्या सुमारास किंवा त्याच्या जरा आधीच मंदावते, म्हणजे कोणतीही बातमी पोहोचणे शक्यच नसते तेव्हा. त्याअर्थी हा बातमीला दिलेला प्रतिसाद नव्हे. उचलणाऱ्या हाताला ‘उचल’ अशी आज्ञा निघते, तिच्याच जोडीने धरणाऱ्या हाताला ‘सैल हो’ अशी आज्ञा निघालेली असते. याचे याहून सोपे उदाहरण उभ्या माणसात सापडते: उभे राहून हात झटकन समोर उचलला, तर खांद्याच्या स्नायूच्या आधी पायांचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागतात, नाहीतर हाताच्या झोकाने तोल पुढे गेला असता. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आपली मोजणी का चुकली, तेही यातून कळते. वेळ ठाऊक असणे निराळे आणि हालचालीची आज्ञा स्वतः काढणे निराळे. ही पूर्वतयारी माहितीला नव्हे, तर स्वतःच्या आज्ञेला बांधलेली असते. प्रयोगशाळेत असेही करून पाहिले आहे की माणसाने दुसऱ्या हाताने फक्त कळ दाबायची आणि ओझे यंत्राने सोडायचे. सुरुवातीला हात तरीही वर जातो, पण पुष्कळ वेळा सराव केल्यावर नवी जोडणी हळूहळू शिकली जाते आणि उसळी कमी होते.

त्यामुळे हे काम एकट्या मज्जारज्जूचे नाही. त्यात मेंदूच्या बाह्यकाचा, म्हणजे बाहेरच्या थराचा, वाटा आहे आणि वेळ जुळवण्यात अनुमस्तिष्काचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या बाजूच्या लहान भागाचाही. अनुमस्तिष्काला इजा झालेल्या रुग्णांच्या स्नायूंत जोर असतो, तरी वस्तूकडे नेलेला हात तिच्या पुढे जातो किंवा अलीकडे थांबतो, आणि जवळ पोहोचता पोहोचता थरथरतो; जणू प्रत्येक हालचाल त्यांना उशिरा येणाऱ्या बातमीच्या भरवशावर करावी लागते. विद्यार्थ्यांना ‘मेंदू आज्ञा देतो’ हे वाक्य जरूर शिकवा, पण ती आज्ञा एका स्नायूला जात नाही, हेही सांगा.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. कॅल्शियमच्या पंपाचा या उसळीशी संबंध असेल हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते, आणि मोजणी का चुकली याचे उत्तर मिळाल्याने डोक्यावरचा भार उतरला. आता एकच उपप्रश्न. भरलेला समजून रिकामा खोका उचलला की तो हातातून वर उडतो. हे याच प्रकारात मोडते का, आणि वर्गात दाखवता येईल का?

प्रतिसाद १

मोडते, पण त्याची दिशा वेगळी आहे. शब्दकोशाच्या वेळी अंदाज अचूक असल्याने हात स्थिर राहिला. खोक्याच्या वेळी अंदाज केला गेला, पण चुकीचा. वस्तू उचलण्याआधीच तिचा आकार आणि मागच्या खेपेची आठवण यांवरून जोर ठरवला जातो, आणि ती जमिनीवरून अपेक्षेआधी सुटली की अंदाज चुकल्याची बातमी बोटांच्या टोकांवरून आणि स्नायूंतून मिळते. एकदोन खेपांतच मेंदू हिशेब दुरुस्त करतो. म्हणून प्रत्येक मुलाला तो खोका एकदाच उचलायला द्या, आणि ज्यांची पाळी यायची आहे त्यांना तोवर वर्गाबाहेर थांबवा. दुसऱ्याला उचलताना पाहिले तरी खोका हलका असल्याचे कळते आणि प्रयोग फसतो.