काळ्या टी-शर्टवरच्या ट्रान्सफरला भेगा, लालही पसरतो

प्रश्न (लातूर): गणेश मंडळाचे काळे सुती टी-शर्ट आहेत. डार्क ट्रान्सफर पेपर (गडद कापडासाठीचा, छाप उष्णतेने कापडावर उतरवणारा कागद), इंकजेट प्रिंटरमध्ये साधी डाय शाई. दोन धुण्यांत भेगा पडल्या, लाल रंग पसरला. पेपर खराब की हीट प्रेस (छाप दाबायचं गरम यंत्र)?

नांदेडहून: भाऊ, आधी शाई बदला. लाइट पेपरवर (फिक्या कापडासाठीच्या) छाप उलटी काढतो, त्यामुळे दाबल्यावर वितळणारा थर शाईच्या वर येतो. डार्कमध्ये छाप सरळ: खाली चिकटणारा थर, मधे पांढरा, शाई सगळ्यात वर, उघडी. डाय पाण्यात विरघळते, पसरणारच. पिगमेंट शाई (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) घ्या आणि छाप नीट वाळू द्या.

परभणीहून: भेगा बहुतेक अर्धवट चिकटल्याच्या. शर्ट रिकामाच ५ सेकंद दाबून ओल काढा, पावसाळ्यात तर हमखास. मागचा कागद सोला, वर सिलिकॉन पेपर (न चिकटणारा कागद) ठेवा, साधारण १७० अंश, २० ते २५ सेकंद; पाकिटावर वेगळं असेल तर तेच खरं.

लातूर: प्रेस १७०च दाखवते की.

परभणी: आकडा मधल्या सेन्सरचा असतो. कडा थंड राहू शकतात, कोपरे तपासा. आणि २४ तास धुऊ नका, मग उलटा करून गार पाण्यात. घरच्या इस्त्रीचा नाद सोडा.