रोजच्या लिखाणाला टिकाऊ पेन पेन्सिल कोणती घ्यावी? (शेतात, खिशात ठेवून वापरायची आहे)

मखमलाबादकर:
नमस्कार मंडळी. नाशिकजवळ मखमलाबादला आमची द्राक्षबाग आहे, फवारणीची डायरी मी स्वतः लिहितो. कुठलं औषध, लिटरला किती, किती वाजता मारलं, सगळं तिथल्या तिथं, कारण एक्स्पोर्टच्या मालाला ही नोंद लागतेच आणि संध्याकाळी आठवून लिहायला बसलं की एखाद्या टाकीचा तरी घोळ होतोच. आधी बॉलपेन होता, पण हात ओले, पान दमट, अशा कागदावर तो उठतच नाही, आणि जेल पेनवर थेंब पडला की आकडा गेला. पेन्सिलचं तसं नाही, पान वाळलं की अक्षर जसंच्या तसं. म्हणून पेन पेन्सिल, म्हणजे मागचं बटण दाबून शिसं पुढे काढायची पेन्सिल, घेतली, तर ऑक्टोबर छाटणीपासून तीन झाल्या. एकीची क्लिप तुटली, एक हातातून निसटून ट्रॅक्टरच्या पायरीवर पडली आणि शिसं ज्यातून बाहेर येतं ती पुढची नळी वाकली, तिसरीत शिसं धरतच नाही, टेकवलं की आत जातं. शाळेच्या पोरांसाठीच्या घेऊन भागणार नाही हे कळलं. दीड हजारापर्यंत द्यायची तयारी आहे पण पाच-सात वर्षं चालली पाहिजे. पूर्ण धातूची घेऊ का? आणि शिसं ०.५ मिलिमीटरचं का ०.७ चं?

जुना ड्राफ्ट्समन:
दादा, सातपूरला टूलरूममध्ये बरीच वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढली, तेव्हा या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. पूर्ण धातूची म्हटलं की सगळे रॉट्रिंग ६०० सांगतील. पितळी बॉडी, षटकोनी, टेबलावरून घरंगळत नाही, बोटाच्या जागी खरखरीत नर्लिंग (धातूत कोरलेल्या बारीक खाचा), वस्तू एक नंबर आहे. पण तिची पुढची नळी फिक्स असते. ती लांब, सरळ नळी पट्टीच्या कडेला लावून रेघ मारायला केलेली आहे, लिखाणाला तिची काही गरज नाही, आणि वजनदार पेन्सिल पडली की बहुतेक तोंडावरच पडते. बोर्डावर ठीक, शर्टाच्या खिशात घालून वेलीखाली वाकणाऱ्या माणसाला नको. तुमच्या दुसरीचं तेच झालं.

तुम्हाला नळी आत जाणारी पाहिजे. पेंटेलची ग्राफगिअर १००० बघा. मागचं बटण दाबलं की नळी बाहेर येते, क्लिपचं वरचं टोक दाबलं की खट्‌कन आत. बॉडी धातूची, ग्रिपमध्ये छोटे रबराचे ठिपके आहेत त्यामुळे ओल्या हातातून सटकत नाही. क्लिपही स्प्रिंगची, जाड कापडावर बसते.

आणि ०.७ च घ्या. ०.५ चं शिसं प्रत्यक्षात ०.५६ मिलिमीटरच्या आसपास भरतं, तरी वाकवून मोडायची ताकद जाडीच्या घनात वाढते, म्हणजे ०.७ जवळजवळ दुप्पट दणकट पडतं. गुडघ्यावर डायरी ठेवून लिहिताना हा फरक लगेच कळतो.

गंगापूर रोडच्या बाई:
मी शाळेत मराठी शिकवते, पेपर तपासताना समासात पेन्सिलनेच लिहिते. माझ्याकडे युनीची कुरु तोगा आहे, २००८ ला निघालेलं मॉडेल. प्रत्येक वेळी टोक कागदावर टेकवून उचललं की आतली दातेरी चकती शिसं जरासं फिरवते, चाळीस वेळा टेकवलं की एक फेरा पूर्ण. त्यामुळे शिसं एका बाजूने झिजून अक्षर जाडजूड होत नाही. आपल्या देवनागरीला हे फार मानवतं, काना, वेलांटी, मात्रा, शिरोरेघ, हात सारखा उचललाच जातो. मोडीसारखं हात न उचलता लिहिणाऱ्याला एवढा फायदा झाला नसता. पण खरं सांगते, टेकवताना टोक किंचित आत दबतं, काहींना ते आवडत नाही, आणि साध्या मॉडेलची बॉडी प्लास्टिकची आहे. टेबलावर बसून लिहिणाऱ्याला मी हीच सांगेन, शेतासाठी वरच्या दादांचं ऐका.

अंबड लिंक रोड:
भाऊ ती तिसरी फेकू नका. आतलं शिसं संपत आलं की शेवटचा सेंटीमीटरभर तुकडा आतल्या जबड्याच्या पुढे निघून जातो, मग त्याला मागून धरायला काही नसतं आणि टेकवलं की आत जातो. हा बिघाड नाही, तुकडा ओढून काढा, नवीन शिसं टाका. तरी नाही धरलं तर पुढचं टोक फिरवून उघडा, पितळी जबड्याच्या पाकळ्यांत चुरा अडकलेला असतो, बारीक ब्रशने साफ करा. आणि मागून शिसं भरायच्या जागेत कांड्या कोंबू नका, दोन-तीन बस, जास्त भरल्या की पेन्सिल हलली तरी आपसात मोडून अडकतात. शिसं 'बी' ग्रेडचं घ्या, ते 'एचबी'पेक्षा मऊ आणि गडद असतं, दमट कागदावर एचबी फिकं उठतं म्हणून माणूस दाबतो आणि पान फाटतं. शिसं चांगल्या कंपनीचंच घ्या, पेन्सिल हजाराची आणि शिसं दहाचं असं करू नका, निम्म्या तक्रारी तिथूनच येतात.

मखमलाबादकर:
सगळ्यांचे आभार. तिसरी उघडली, आत नखाएवढा तुकडा होता, काढला, आता झकास चालते, ती धाकट्याला दिली. काल मेन रोडला जाऊन ग्राफगिअर १००० घेतली, ०.७, सोबत 'बी' ग्रेडच्या शिसाच्या कांड्या. दुकानात मुद्दाम रुमाल ओला करून कागदावर दाबला आणि त्यावर लिहून बघितलं, दुकानदार बघतच राहिला, पण अक्षर स्वच्छ उठलं. वजन जरा जास्त वाटतंय, दोन दिवसांत सवय होईल बहुतेक.

जुना ड्राफ्ट्समन:
होईल. फक्त खिशात घालायच्या आधी क्लिप दाबून नळी आत गेली का बघत जा, आणि मागच्या टोपणाखालचं खोडरबर खोडायला वापरू नका. डायरीसोबत वेगळं खोडरबर ठेवा.