गोधडी शिवणाऱ्यांनो, भादवा-आश्विनात तुमचं काय चाललेलं असतं? (अनुभव धागा)

पावसाळाभर गोधडीचं काम रखडलेलंच असतं. कापड दमट, घरात उजेड कमी, पसरायला कोरडी जागा नाही. गणपती गेले, ऊन तापायला लागलं की एकदम धांदल उडते. जुन्या गोधड्या धुवायच्या, नव्यांचे थर लावायचे, घटस्थापनेच्या आत घर आवरायचं. माझ्या पाहण्यात तरी गोधडी शिवणारी बाई वर्षातून एकदा जरा मोकळेपणाने घराबाहेर पडते ती याच दिवसांत, आणि तेही बरेचदा गोधडीच्याच निमित्ताने. तुमच्याकडे कसं असतं? घरचे हात लावतात का? कुठे फिरायला जाता का? शिवणाऱ्यांनी लिहाच, नुसत्या पांघरणाऱ्यांनीही लिहा. त्यांच्याकडे तक्रारी जास्त असतात, त्याही चालतील.

फलटणकडून

आमच्याकडं सहल म्हणजे दसरा काढायला, म्हणजे सणाआधी घरातलं सगळं धुवायला, पाण्यावर जाणं. नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार याची चौकशी गणपतीतच सुरू होते. पाणी आलं की टेम्पो सांगायचा, घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं त्यात कोंबायची आणि वर आम्ही जावा-जावा, सासूबाई नि पोरं. मोठ्या कालव्यावर जात नाही, त्याला ओढ फार. शेताकडच्या चारीवर जातो, गुडघाभर पाणी असतं.

गोधडी धुणं हे साडी धुण्यासारखं नव्हे. भिजली की एकटीला उचलतच नाही. आधी सोड्याच्या पाण्यात मुरू द्यायची, मग दगडावर पसरून पायानं तुडवायची. ब्रश घासत बसलं तर टाके उसवतात. पिळायला दोन टोकांना दोघी लागतात, आणि दोघींनी उलट्या बाजूला पीळ द्यायचा. नवी सून असली की हमखास ती समोरचीचं बघून तसाच हात फिरवते, गोधडी नुसती गरागरा फिरते आणि पाणी काही निघत नाही. मग सगळ्या हसतात. सासूबाई आता पाण्यात उतरत नाहीत, काठावर बसून कुठली गोधडी कुणाच्या लुगड्याची हे पोरांना सांगतात. थोरल्या आत्याबाईंच्या हिरव्या लुगड्याची एक आहे, तिला फक्त सासूबाईच हात लावणार.

भाकरी, ठेचा आणि कांदा तिथंच. वाळायला बांधावरच्या गवतावर पसरायच्या आणि दुपारी पालथ्या घालायच्या. आतला थर ओला राहिला तर थंडीभर कुबट वास पुरतो. पुरुषमाणसं संध्याकाळी फक्त भरायला येतात. यंदा धाकट्या दिरांनी दुपारीच येऊन पालथ्या घातल्या, म्हणून त्यांचा इथं खास उल्लेख.

पुण्यातून, हौशी

मी नोकरी सांभाळून शिवते. डायनिंग टेबलावर गोधडी असली की जेवण सोफ्यावर, हे आमच्या घरात आता कुणी बोलूनही दाखवत नाही. मुलगा चौकोन कापून देतो. नवऱ्याचं काम सांडलेल्या टाचण्या लोहचुंबकाने शोधणं, आणि ते तो उगाचच फार गांभीर्याने करतो.

सप्टेंबरात आम्ही कासला जातो. पठार साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर. पश्चिम घाटाला 2012 साली जागतिक वारसा दर्जा मिळाला त्यात कासही आलं, आणि तेव्हापासून गर्दी विचारू नका. आता रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा आहे, बुकिंग करूनच जावं लागतं. मला ते बरंच वाटतं. शनिवार-रविवार मात्र टाळाच.

लोक लांबून फुलांच्या गालिचाचे फोटो काढतात. मी गुडघ्यावर बसते. सीतेची आसवं नखाएवढी जांभळी फुलं, माती पातळ आणि खडक पाझरता असतो तिथे दाटीने येतात. त्यांच्यात मध्येच पिवळी सोनकी, आणि कडेला तेरड्याचा गुलाबी. उभं राहून पाहिलं तर जांभळा आणि पिवळा एकमेकांत मिसळून भलताच तपकिरी रंग दिसतो. जवळ गेलं की दोन्ही वेगळे. तेव्हापासून मी जांभळ्या कापडावर जांभळा दोरा घालायचं सोडलं. गर्द कापडावर पिवळा धावदोरा घातला की शिवण लांबूनही उठून दिसते. सासूबाईंचं म्हणणं, "फुलं बघायला गेलीस आणि येताना दोऱ्याची रिळं घेऊन आलीस." खरंच साताऱ्यात उतरून घेतली होती.

कोल्हापूर, निवृत्त शिक्षक

वाकळ, म्हणजे गोधडीच, शिवते आमची मंडळी. मी सुया ओवतो. तिला जवळचं दिसत नाही आणि मला चष्म्यातून दिसतं, एवढीच माझी पात्रता. संध्याकाळी चहानंतर उशीवर सुयांची रांग ओवून खोचून ठेवायची, दोऱ्यावर मेण फिरवायचं, की दुसऱ्या दिवशीची दुपार तिची बिनघोर जाते. दोरा हातभरच ठेवावा लागतो. लांब ठेवला की गुंता होतो आणि शिव्या मला बसतात.

सप्टेंबर सरता सरता हस्त लागतो आणि परतीचा पाऊस कोसळतो. नेमकी त्याच दिवसांत नाती भोंडल्याला येतात. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायला अंगण ओलं, म्हणून हॉलमधली अर्धी शिवलेली वाकळ गुंडाळून बाजूला करावी लागते. एकदा उलगडलेली मांडणी पुन्हा तश्शीच बसत नाही, यावरून आमच्याकडे दरवर्षी कुरबूर होते, आणि दरवर्षी खिरापतीला ती विरघळते. पन्हाळ्याला नेलं तरी ही तटबंदीवर बसून पणतवंडाच्या दुपट्याला टाके घालणार. मी एकटाच तिथली अंधारबाव विहीर बघून येतो.

बीड जिल्हा, सध्या मुंबईत नर्स

तुमचं सगळ्यांचं वाचून बरं वाटलं. आमच्याकडे भादवा-आश्विन म्हणजे बाहेर जाणं खरंच, पण फिरायला नाही. दसरा-दिवाळीला आईवडील ऊसतोडीला निघायचे. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असायची. त्याआधी आईला गोधड्या उरकायच्या असायच्या, कारण पुढचे पाच-सहा महिने उसाच्या पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, आणि खाली अंथरायला नि वर पांघरायला तीच गोधडी. थंडीत पहाटेच्या आधी उठून तोडीला जायचं म्हटल्यावर पातळ गोधडी कामाची नाही. म्हणून आई जाड करायची. वडिलांचं धोतर आत, तिच्या फाटक्या साड्या त्यावर, वरून पोत्याच्या कापडाची किनार. दिसायला काहीच नाही. टाका मात्र असा घट्ट की कारखान्याच्या तळावर दगडावर आपटून धुतली तरी एक उसवायचा नाही.

मी नि भाऊ गावी आजीकडे राहायचो. आई आमच्यासाठी वेगळी शिवायची, त्यात तिची रोजची साडी वरच्या बाजूला. वास राहावा म्हणून ती न धुताच शिवायची. मला हे आजीने बऱ्याच वर्षांनी सांगितलं. मला तेव्हा वाटायचं, धुवायला वेळ नसेल.

आता आई घरीच असते. मागच्या वर्षी नवरात्रात सुट्टी काढून तिला समुद्र दाखवायला आणलं. तिने जुहूला वाळूवर पाय ठेवला आणि पहिलं वाक्य बोलली, "इथं वाळवायला जागा किती आहे!"

नाशिक, विकण्यासाठी शिवते

गोड गोड खूप झालं, थोडं पैशांचंही बोलू. दसरा-दिवाळीच्या प्रदर्शनात लोक गोधडी गालाला लावतात, फोटो काढतात, आणि किंमत ऐकली की म्हणतात, "जुन्या साड्यांचीच तर आहे." म्हणून आता मी हिशेबच तोंडावर सांगते. पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर. तिहेरी दुमडली की सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे तीन थर मिळतात. म्हणजे एका माणसाच्या बऱ्या गोधडीला दोन साड्या, वर काठाला वेगळं कापड. नऊवारी असेल तर चौघडी घालून एकच साडी जवळजवळ पुरते. कापड संपलं, आता शिलाई. बोटभर अंतरावर ओळ धरली तर पावणेचार फुटांत साठेक ओळी बसतात, प्रत्येक ओळ सहा फुटांची. नुसती शिवण साडेतीनशे फुटांच्या वर जाते, तीही मांडी घालून, पाठीतून. पंधरवडा सहज खाते. एवढं सांगितल्यावर निम्मे लोक घासाघीस सोडतात. उरलेले पुढच्या स्टॉलवरची मशीनवर मारलेली घेतात, ती पांघरली की पुठ्ठ्यासारखी उभी राहते. हाताच्या धावदोऱ्याने कापडाला बारीक चुण्या पडतात, थरांमध्ये हवा अडकते, ऊब त्याची असते.

माझी सहल? प्रदर्शनातून परतताना मुलगी म्हणाली म्हणून गंगापूर धरणाच्या काठाला थांबलो. भेळ खाल्ली. मी गाडीतून खाली उतरले आणि गवतावर सरळ आडवी झाले. पाठीला तेवढंच हवं होतं.

सांगलीहून प्रश्न

आईच्या साड्या ठेवल्यात, पण निम्म्याहून जास्त नायलॉन आणि जॉर्जेट आहेत. गोधडी होईल का? नवरात्राच्या आत सुरुवात करायची आहे.

नाशिक, वरचीच

होईल, पण जपून. असं कापड घाम शोषत नाही आणि थरात सरकतं, म्हणून अंगाला लागेल त्या बाजूला आणि मध्ये सुतीच घाला. तुमच्या आईंच्या साड्या फक्त वरच्या बाजूला ठेवा. आधी सगळे थर जमिनीवर ताणून, कडेने आणि मधून मोठे कच्चे टाके घाला, मगच धावदोऱ्याला बसा. कडेपासून सुरू करून आत येत गेलात तर मध्ये फुगा राहू शकतो, त्यामुळे पहिल्यांदा करताना सरळ ओळीच घ्या. सुती साड्या कमी पडल्या तर जुनं धोतर किंवा पलंगपोस चालेल. जॉर्जेटच्या काठाचे दोरे फार सुटतात, तो आत दुमडून घ्या.

फलटणकडून

आणि सांगलीकर, आधी धुऊन घ्या. नव्या गोधडीत सुती आटतं, नायलॉन आटत नाही, पहिल्या धुण्यात सगळी गोळा होते. कृष्णाकाठी आहात, पाण्याला काय तोटा. पिळायला कुणीतरी बरोबर न्या.